सतरा नंबरचं पडणं

बारा वर्षं मी माणसं पाडण्याचं काम केलं. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "वडलांनी तुला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं ते याच्यासाठी?" एवढंच ती म्हणाली. रविवारी विहारात कुणी चौकशी केली की मात्र सांगायची, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. त्या काळात तेवढं उत्तर पुरायचं.

पाडायची ती माणसं पडद्यावरची. अमेरिकेतल्या एका कंपनीचा व्हिडिओ गेम होता. लहान चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून तिकडची मुलं जिन्यांच्या कठड्यांवरून घसरत जातात, हवेत गिरकी घेऊन पुन्हा फळीवर उतरतात. त्याला स्केटबोर्डिंग म्हणतात. गेमचं नाव लिहीत नाही, आम्ही सह्या करून दिलेल्या कागदांत तशी अट होती. दीड-दोन वर्षांनी त्याचा नवा भाग यायचा. असे सात भाग माझ्या हातून गेले. उडणं, गिरक्या घेणं, कठड्यावरून घसरणं हे सगळं तिकडे तयार व्हायचं. खेळणाऱ्याचा हात चुकला की पडद्यावरचा मुलगा आपटतो. ते आपटणं पुण्यात तयार व्हायचं.

त्याआधी मी सदाशिव पेठेत एका प्रकाशकाकडे वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. खुब्याचा सांधा, गुडघ्याची वाटी, पाठीचे मणके. पुढे तयार चित्रं सीडीवर मिळायला लागली, आणि माझं टेबल आधी कोपऱ्यात आणि मग पॅसेजमध्ये गेलं. पॅसेजमध्ये बसवलेल्या माणसाने काय ते समजून घ्यायचं असतं. मी समजले, आणि पेपरातली जाहिरात बघून बिबवेवाडीत प्लायवूडच्या दुकानावरच्या एका ऑफिसात मुलाखतीला गेले.

मुलाखत परांजप्यांनी घेतली. तेच पुढे बारा वर्षं माझे साहेब. त्यांनी माझी सर्टिफिकिटं बघितलीच नाहीत. कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हणाले, एक माणूस जिन्यावरून पडतोय, त्याला मधेच कुठेतरी थांबवा आणि काढा. मी काढला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"याचं मनगट गेलं."

"हातावर पडलाय. जाणारच."

"सोमवारपासून या," परांजपे म्हणाले.

काम असं असायचं. कॉम्प्युटरमध्ये माणसाचा एक सांगाडा असतो, त्याचे सांधे हव्या त्या कोनात वळवता येतात. पडद्यावर एका सेकंदात तीस चित्रं सरकतात. पडणं दोन-अडीच सेकंदांचं. तेवढ्यात डोकं कुठे, कोपर कुठे, पाठीचा कणा कसा वाकला, हे एकेका चित्रात बसवायचं. एका पडण्याला आठवडा सहज लागायचा. शिवाय पडलेला मुलगा उठलाच पाहिजे, कारण खेळणाऱ्याला पुढे खेळायचं असतं. तेव्हा प्रत्येक पडण्याला एक उठणं जोडायचं. पुढच्या काही भागांत साधंसुधं पडणं कॉम्प्युटर स्वतःच गणित करून दाखवायला लागला. उठणं मात्र शेवटपर्यंत हातानेच करावं लागलं.

नमुन्यासाठी क्लायंटने एक कॅसेट पाठवली होती. खऱ्या मुलांच्या खऱ्या पडण्यांची, त्यांच्या मित्रांनी हातात कॅमेरा धरून घेतलेली. एकूण चाळीस. ती कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालेना, म्हणून परांजप्यांनी कुठूनतरी दुसऱ्या जातीचा व्हीसीआर आणला. मी आयुष्यात स्केटबोर्ड पाहिला नव्हता. पहिला पाहिला तो कुणाच्या तरी पायाखालून निसटतानाच.

पहिल्या खेपेला मी बारा पडणी करून पाठवली आणि बारापैकी बारा परत आली. क्लायंटचं म्हणणं होतं की ती फार खरी वाटतात, बघणारी मुलं गप्प होतात. मला हा शेरा कळेना. खरं वाटावं म्हणूनच मला घेतलं होतं ना? परांजप्यांनी चष्मा पुसत समजावलं.

"साळवे, त्यांना माणूस पडायला हवाय. लागायला नकोय."

ते मी शिकले. हात जरा जास्त फाकवायचे, पाय हवेत क्षणभर जास्त ठेवायचे, आपटल्यावर अंग किंचित उसळवायचं. बघणारा हसतो. हाडाची चित्रं काढताना जे शिकले होते त्यातलं निम्मं विसरावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते मला फारसं जड गेलं नाही. हाड मोडल्याचा आवाजसुद्धा आम्ही इथेच केला. आवाजाचं काम बघणाऱ्या माणसाने मांजरी गावाहून उसाची मोळी आणली आणि दुपारभर एकेक कांडं माइकसमोर कडाकड मोडलं. मोडलेला ऊस सगळ्यांनी खाल्ला. उरलेला मी घरी नेला.

उठणं मात्र कॅसेटमध्ये नव्हतंच. मुलगा आपटला की कॅमेरा बंद व्हायचा किंवा हसणाऱ्या मित्रांकडे वळायचा. म्हणून उठण्याचा नमुना मी टिळक रोडवर शोधला. तिथे स्कूटरवरून पडणारी माणसं पुष्कळ. पुण्यातला माणूस पडला की ताबडतोब उठतो, कुणी पाहिलं का ते बघतो आणि आधी कपडे झटकतो. कुठे लागलंय ते नंतर. माझी सगळी मुलं तशी उठली. कॅलिफोर्नियातल्या जिन्यांवरून पडायची आणि टिळक रोडवरची उठायची.

या चाळीसांत सतरा नंबर सगळ्यांचा लाडका. पिवळा टी-शर्ट घातलेला काटकुळा मुलगा, एका मोठ्या इमारतीसमोरचा जिना, मधे लोखंडी कठडा. मुलगा कठड्यावर चढतो, फळी निसटते, तो खांद्यावर आणि मानेवर आपटतो आणि तसाच दोन पायऱ्या खाली जातो, कुठलाही हातपाय न हलवता. कॅमेरा धरणारा मित्र हसत असतो, आणि ते हसू अर्ध्यावर असतानाच चित्र संपतं. आम्ही त्याला "पोतं" म्हणायचो. गेम बाजारात आल्यावर कळलं, खेळणारी मुलं मुद्दाम चुकून तेच पडणं बघतात. प्रत्येक नव्या भागात क्लायंट आवर्जून सांगायचा, सतरा हवाच. सात भागांसाठी मी तो सात वेळा नव्याने केला. टेपमधलं प्रत्येक चित्र मला पाठ होतं. ते अर्धवट हसू आमच्याकडच्या दोघांना हुबेहूब जमायचं.

चौथ्या भागापासून तिकडून केविन नावाचा माणूस आमचं काम तपासायला लागला. गेममधले जिने आणि कठडे तो आखायचा, आणि पडणी पास करायची की नाही तेही तोच ठरवायचा. आमची ओळख फोनवरची. हसरा आवाज, पण शेरे कडक. त्याची नजर पेठेतल्या मास्तरांसारखी होती, काही सुटायचं नाही. सातव्या भागाच्या वेळी तो पुण्याला येणार असं ठरलं.

कंपनी तोवर हडपसरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत गेली होती. आम्ही हार घेऊन दारात उभे होतो. गाडी आली, ड्रायव्हरने डिकी उघडली आणि आधी चाकाची खुर्ची बाहेर काढली. ती कुणासाठी आहे हे आम्हांला पटकन कळलंच नाही. मग केविन हातांच्या जोरावर सीटवरून सरकत तिच्यात बसला.

आमच्या दारात संगमरवरी पायऱ्या होत्या. मी त्या रोज चढत होते, पण त्या सात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. उतार नव्हता. स्वतःच्या डब्याची पिशवीसुद्धा शिपायाकडे देणारे परांजपे पुढे झाले आणि दोन वॉचमनना घेऊन त्यांनी ती खुर्ची उचलली. वर पोचल्यावर केविन म्हणाला, जिने आखणं हे माझं काम आहे, पण हा माझा नाही. आम्ही हसलो. गरजेपेक्षा जास्तच हसलो.

अकराच्या सुमारास सगळे मोठ्या खोलीत जमलो. परांजप्यांची कल्पना अशी की सतरा नंबर सात भागांत कसा सुधारत गेला ते दाखवायचं. पडद्यावर डावीकडे मूळ टेप, उजवीकडे आमचा मुलगा. टेप सुरू झाली, पिवळा शर्ट कठड्यावर चढला, आपटला, ते हसू ऐकू आलं आणि सवयीने आमचे लोकही हसले. केविन सगळे थांबेपर्यंत थांबला. मग त्याने टेप पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही, कारण तो पडद्याकडे ज्या तऱ्हेने बघत होता ते सगळ्यांना दिसलं होतं.

"हा मी आहे," तो म्हणाला.

इंग्रजीत अहो-जाहो नसतं, म्हणून इथे त्याला मी अरे-तुरे करते आहे. मला वाटलं, कॅमेरा धरणारा तो असेल. मी तसं विचारलंही. "हसणारा तू?"

"नाही. पडणारा."

पुढचं त्याने सरळ, आवाज न चढवता सांगितलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मित्र हसत होता, मग त्याच्या लक्षात आलं की हा हलत नाहीये आणि त्याने कॅमेरा खाली ठेवला. टेप तिथे संपते. वर्षभराने त्याच मित्राने आपल्या सगळ्या टेप गेम करणाऱ्या कंपनीला देऊन टाकल्या. त्यांत ही आहे, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही किंवा त्याला सांगवलं नाही. केविन घरी बिछान्यात पडून असताना गेमचा पहिला भाग आला. हात चांगले होते, म्हणून तो खेळायला लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पडद्यावरचा मुलगा कठड्यावरून निसटला आणि केविनने स्वतःला पडताना पाहिलं. आणि मग तो मुलगा उठला, त्याने कपडे झटकले आणि चालायला लागला.

त्या दिवशी केविनने त्याला संध्याकाळपर्यंत पाडला.

खोलीत आम्ही चौदा माणसं होतो. मी माउस नुसताच धरून बसले होते.

मग तो माझ्याकडे वळला. त्याला एक विचारायचं होतं, बऱ्याच वर्षांपासून. टेपमधल्या मुलाची मान एका बाजूला जास्त वळते, गेममधल्या मुलाची कमी. सातही भागांत कमी. हे कुणी बदललं?

"मी," मी म्हणाले.

"का?"

"त्या मानेने तो उठला नसता."

हे वाक्य मी कामाच्या सवयीने बोलले. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

हाडांची चित्रं काढलेली बाई मी. पहिल्याच आठवड्यात मी ती टेप थांबवून थांबवून पाहिली होती, मान कितपत वळली आहे ते मोजलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, "मान सरळ करणे, उठणं जुळत नाही." वहीतली ती ओळ त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर आली, अक्षरासकट. इतकी वर्षं रोज बघत होते, मोजत होते, दुरुस्त करत होते. टेपमधला मुलगा उठला का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या हाताला माहीत होतं, म्हणूनच त्याने मान सरळ केली.

मी बाहेर गेले. पाण्याच्या यंत्राशी उभी राहिले, पाणी घेतलं नाही. थोड्या वेळाने परांजपे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, सतरा नंबर आपण काढून टाकू, मेल मी लिहितो, तुम्ही काही करू नका. मी मान हलवली. आम्ही आत जाऊन केविनला तसं सांगितलं.

तो म्हणाला, काढायचा नाही. "मी आभार मानायला आलेलो नाही आणि भांडायलाही आलेलो नाही. त्याचं उठणं चुकलंय. ते दुरुस्त करायला आलोय. तो कपडे का झटकतो?"

मी टिळक रोडचं सांगितलं. तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. म्हणाला, स्केट करणारा मुलगा पडला की कपडे बघत नाही. आधी फळी कुठे गेली ते बघतो.

आणि मग त्याने विचारलं, फोनवर तुम्ही या पडण्याला एका शब्दाने ओळखता, तो मी खूपदा ऐकलाय. पोतं. त्याचा अर्थ काय?

परांजप्यांनी घाईने सांगितलं की तो तांत्रिक शब्द आहे. केविन माझ्याकडे बघत राहिला. आता आणखी काही सरळ करून दाखवायची माझी तयारी नव्हती.

"गोणी," मी म्हणाले. "धान्याची. भरलेली."

त्याने जरा विचार केला. "हो. तसाच पडलो होतो," तो म्हणाला. त्यानंतर आमच्या ऑफिसात तो शब्द कुणी उच्चारला नाही.

पुढचे दोन दिवस केविन माझ्या शेजारी बसला. तो सांगायचा आणि मी सांगाडा हलवायचे. आता उजव्या कोपरावर ये. थांब. इथे त्याला धाप लागलीय, पोट आत जाऊ दे. आता मान वर, फळीकडे. आता गुडघा. गुडघ्याचं बोलताना तो आपला पाय दोन्ही हातांनी उचलून हवा त्या कोनात धरून दाखवायचा आणि सोडून द्यायचा. त्या पायाला त्याचं काही कळत नव्हतं. मी तो कोन टिपून घ्यायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या पायाकडे टेपकडे बघावं तशीच बघते आहे, आणि मी नजर वळवली.

"बघ ना," तो म्हणाला. "न बघता कसं काढशील?"

मान मी मूळच्यासारखी करून बघू का, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, नको, ती आहे तशी राहू दे.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला उठणं पुरं झालं. पिवळा शर्ट आपटला, दोन पायऱ्या घसरला, कोपरावर आला, फळी शोधली आणि एक हात जिन्याला टेकवून उभा राहिला. केविनने एकदाच पाहिलं. पुन्हा लावू का विचारलं तर नको म्हणाला. चहा मागवला, परांजप्यांशी वेळापत्रकाचं बोलला आणि सकाळच्या विमानाने गेला. जाताना त्याला पायऱ्यांवरून उतरवलं तेव्हा वॉचमनने विचारलं, "मॅडम, साहेब जन्मापासून असेच?" मी नाही म्हणाले.

केविन गेल्यावर मी कॅसेट काढली आणि पहिल्यापासून चाळीसही पडणी पुन्हा पाहिली. दोन दिवस गेले त्यात. चौथ्या नंबरचा मुलगा डोक्यावर पडतो. तेविसाव्याचा पाय भलतीकडे वळतो. एकतिसावा कठड्यावरून पलीकडे जातो, आणि पलीकडे काय आहे ते दिसतच नाही. या सगळ्यांना मी उठवलं होतं. मी एक यादी केली, प्रत्येकाच्या शर्टाचा रंग आणि जागेची खूण लिहिली आणि केविनला मेल केली. विचारलं, ही माणसं आता कुठे आहेत?

उत्तर यायला चार महिने लागले. त्याने जुन्या ओळखीच्या मुलांना फोन केले होते, त्यांनी आणखी कुणाला. एकेका नंबरसमोर एकेक ओळ. एक बेकरी चालवतो. एक शाळेत शिकवतो. एकाच्या घोट्यात अजून धातूची पट्टी आहे, पण तो अजूनही स्केट करतो. चौथा विमा विकतो. सतरासमोरही इतरांसारखीच ओळ होती, "लग्न झालं, एक मुलगी, जिने आखतो." एकतिसाव्यासह नऊ जणांसमोर लिहिलं होतं, माहीत नाही.

सातव्या भागात मी ते नऊ केले नाहीत. परांजप्यांनी यादी पाहून विचारलं की पडणी कमी का. मी म्हणाले, यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून मी यांना उठवणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल असं मनाशी ठरवून मी हे बोलले होते. परांजप्यांनी कागद घेतला, कारणाच्या रकान्यात "तांत्रिक" असं लिहिलं आणि सही केली.

आठवा भाग निघाला नाही. तिकडच्या कंपनीने मालिका थांबवली, आमचा विभाग दुसऱ्या कामाला लावला. काही वर्षांनी मी निवृत्त झाले, परांजपे माझ्या आधी. आमचा संपर्क राहिला नव्हता. ते मुळात कुणाला फोन करणाऱ्यांतले नाहीत.

मागच्या वर्षी दुपारी मी बँकेत रांगेत उभी असताना त्यांचा मेसेज आला. मायना नाही, खुशाली नाही. ते केविनशी इतकी वर्षं पत्रव्यवहार ठेवून होते, हे मला तेव्हा कळलं.

"साळवे, एकतीस नंबर सापडला. सुतारकाम करतो. ठीक आहे. आठ राहिले."